चोराची बादली

आम्ही बनवत असलेल्या गेममधला पहिल्या लेव्हलचा चोर कितीही दबकत चालला तरी किल्ल्याचा पहारेकरी त्याला दहा पावलांत धरायचा. संध्याकाळपर्यंत चोर आत शिरला नाही, तर गेम बंद, आम्ही सगळे घरी. साहेबांनी त्याला मऊ बूट दिले, काळी घोंगडी दिली, सोबतीला मांजर दिलं. मांजरही पकडलं गेलं. “पाय वर घ्या,” फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. आम्ही स्क्रीनवरून नजर न हटवता पाय वर घेतले. “त्याच्या हातात बादली द्या की.” साहेब दचकले. “मावशी, तुम्ही कधी आलात?” “चार वर्षं झाली.” मी चोराला बादली दिली आणि पहारेकऱ्याला पाय वर घ्यायला शिकवलं. चोर फरशी पुसत पुसत आत गेला. साहेबांनी मावशींना आपली खुर्ची दिली. “आता याला तिजोरीपर्यंत कसं न्यायचं?” “आधी फरशी वाळू द्या.”