साहेब आले की

माणूस जिवंत आहे की नाही, हे ठरवणं फक्त नियतीच्या हातात असतं. अण्णांच्या बाबतीत ते पेन्शन ऑफिसातल्या एका साहेबांच्या हातात होतं, आणि तेही साडेअकरापर्यंतच.

ऑफिसच्या नोंदीत अण्णा मार्चमध्येच वारले होते. चूक कुणा कारकुनाची. दुरुस्ती व्हिडिओ कॉलवर. फोनवरून चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा. तीनदा कॉल तुटला तर अर्जदार गैरहजर, म्हणजे मयत कायम. दोनदा तुटला होता. दोन्ही वेळा पडद्यावर साहेब दिसले आणि कॉम्प्युटर फट्कन बंद होऊन आपला आपण पुन्हा सुरू झाला.

"रॅम गेली असणार," मुलगा म्हणाला. "पण सकाळी तीन तास चालवला, तेव्हा काही झालं नाही!"

"मघाशी व्हायरस म्हणत होतास," सून टेबलाखाली शिरत म्हणाली. "आधी वायरी बघू दे."

"मी कशालाही हात लावलेला नाही," अण्णा म्हणाले. अडतीस वर्षं कारकुनी केली की हे वाक्य न विचारताच येतं.

अकरा सत्तावीस. पडदा उजळला. साहेब आले.

अण्णा उठू लागले. साहेब आले की उठायचं, यात विचार करण्यासारखं त्यांना कधी काही वाटलंच नव्हतं. खुर्ची मागे सरकली. तिच्या पायाखाली सापडलेली वायर ताणली गेली आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागची पिन सुटू लागली. सुनेने ती झडप घालून दाबून धरली.

"अण्णा, आहात तसेच थांबा! उठू नका, बसू नका!"

अण्णा अधांतरी थांबले. हातांनी टेबलाची कड धरली.

"कोण ओरडतंय?" साहेबांनी विचारलं.

"सूनबाई, साहेब."

"कुठे आहेत?"

"माझ्या पायाशी, साहेब."

साहेबांनी फायलीतून मान वर केली, पुन्हा खाली घातली. "फोटो घेतोय. पंधरा सेकंद हलायचं नाही. हललात तर रद्द."

मुलाने श्वास रोखला. सुनेनेही. अण्णांनी तर केव्हाच रोखला होता.

"झालं," साहेब म्हणाले आणि गेले.

अण्णा धप्पकन बसले. सुनेने पिन सोडली. कॉम्प्युटर बंद पडला; कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पाच मिनिटांनी मुलाच्या फोनवर दाखला आला. अण्णा हयात होते. मुदत एक वर्ष.