फळीवरचा पंप

गाडी सुरू होऊन जरा सरकली की एबीएसचा पंप एकदा घर्र करतो. स्वतःलाच तपासतो आणि गप्प बसतो. पुन्हा वाजतो तो फक्त कुणी जीव खाऊन ब्रेक दाबला तरच, आणि तेव्हा थडथडत राहतो. मये गावच्या गुरुदासला, माझ्या जुन्या गिऱ्हाइकाला, हे मी शंभरदा सांगितलं.

"भितर कोण तरी कण्हता," तो म्हणायचा. "काढून टाक तो."

मी नाही म्हटलं, तर हा शहाणा देवळात जाऊन कौल घेऊन आला. उजवी पाकळी पडली म्हणे, म्हणजे देवाचा होकार! ब्रेकचं देवाला विचारतात? माझं डोकंच फिरलं. तरी काढला मी पंप, थेट पाइप जोडून दिले. त्याच्याहून जास्त राग मला माझाच येतो.

पंप डिचोलीतल्या माझ्या गॅरेजात फळीवर टाकला. वायर कापलेली, तेल काढलेलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला तो एकदा घर्र झाला.

मग रोज साडेआठला. एकदा सव्वानऊला वाजला. मी गुरुदासला फोन केला.

"आज उशिरा निघालो रे," तो म्हणाला.

संतापून मी पंप भंगाराच्या डब्यात फेकला. दुसऱ्या सकाळी डब्यातून घर्र.

आज दुपारी मीच त्याला फोनवर शिव्या घातल्या. "गाडी आण. आत्ताच्या आत्ता. पंप परत बसवतो."

"निघालो बाबा, ओरडू नको."

डब्यात एकदा घर्र झालं. मग शांत.

मी पाने काढून ठेवले. दहा मिनिटं गेली असतील.

डबा थडथडायला लागला. मी पंप उचलून दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला. तो थांबेना.