पंधरा वर्षांची झडप

डॉक्टरांनी टेबलावर हृदयाच्या दोन झडपा मांडल्या. एक काळी, चकचकीत, हाताला गार लागणारी. दुसरी पांढरट, मऊ, जनावराच्या हृदयावरच्या पडद्यातून कापून शिवलेली. ताईचा जन्म शिलाई मशीनवर गेलेला. तिने पांढरी उचलली आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"टाके हातचे आहेत. ज्याचा कोणाचा हात आहे, चांगला आहे."

"ताई, कापड घ्यायला नाही आलो आपण," धाकटा भाऊ म्हणाला. सात वर्षांनी तो परदेशातून आला होता, तिच्या ऑपरेशनसाठी. परतीचं तिकीट काढूनच.

डॉक्टर समजावू लागले. काळी एकदा बसवली की बहुतेक जन्माची सोबत. मात्र रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि वरचेवर रक्ताची तपासणी. पांढरीला कायम त्या गोळीची कटकट नाही, पण ती झिजते. बारा वर्षं, फार तर पंधरा.

"तुम्ही एक्कावन्नच्या. म्हणजे पुन्हा एकदा ऑपरेशन आलं, तेही उतारवयात."

"मग विचार कसला करायचा?" भाऊ म्हणाला. "काळीच बसवा. एकदाचं उरकून जाईल. मागे कोणाला धावपळ नको."

ताई पांढऱ्या झडपेच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

"मला हीच द्या. माझं सुईचं काम, दिवसातून दहादा टोचते. पातळ रक्त वाहतच राहायचं."

डॉक्टर हसले. "सुईचं काय घेऊन बसलात! बोट जरा जास्त वेळ दाबून धरायचं, थांबतं. ही गोळी घेऊन माणसं सुतारकाम करतात."

सबब जागच्या जागी उसवली. ताईने झडप जपून खाली ठेवली. मग तिने विचारलं, "त्या दुसऱ्या खेपेला सोबत कोणी लागेल का हो?"

"लागणारच. घरचं माणूस हवंच. निदान महिनाभर."

"महिनाभर," ताई म्हणाली. "मग पांढरीच."

भाऊ खुर्चीत पुढे सरकला. "अगं, वेड लागलंय का तुला? पंधरा वर्षांनी मी साठीचा असेन!"

"मग? साठीच्या माणसाला विमानात घेत नाहीत?"

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि पेनाला टोपण लावलं. "घाई नाही. उद्या सांगा."

"उद्याही हेच सांगेन," म्हणत ताई उठली.

बाहेर जिना होता. चढताना तिला दम लागे, उतरताना कधीच नाही. तरी तिने भावाचा दंड धरला, आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत थांबत उतरू लागली. त्याच्या चालीने दंड सुटला, दोन-तीन पायऱ्या तो तिच्या पुढे गेला. मग परत वर आला आणि तिच्यासारखाच उतरू लागला, दोन्ही पाय टेकवत.