अर्धी पूजा

काल सकाळपासून तात्यांनी पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं. ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर पिशवी लागली, तेव्हापासून त्यांनी देवघरात पाऊल टाकलं नव्हतं. आज मात्र पोटातच काही नाही म्हटल्यावर पिशवी भरेल कशाने?

आंघोळ करून, कोरी पिशवी लावून, सोवळं नेसून ते पाटावर बसले. ताम्हनात बाळकृष्ण ठेवला, पळीने पाणी घालत मंत्र सुरू केले आणि स्वतःचा तो जुना खणखणीत आवाज ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात पोटाला ऊब लागली. त्यांनी सोवळ्यावरून हात फिरवला. पिशवी भरत होती.

"अहो, उठू नका. देवाला सगळं कळतं," दारातून बायको म्हणाली.

"त्याला कळतं गं. मलाच कळत नाही, कधी येतं ते!"

भिंतीला धरून तात्या उठले. बाळकृष्ण अर्ध्या आंघोळीत तसाच राहिला.

"त्याला पुसून ठेव. उद्यापासून पुन्हा तूच बघ त्याचं," ते म्हणाले. "आणि मला भात वाढ. आता कशाला उपाशी राहू?"