दोन कळा

तो खोलीत आला आणि तिची दोन बोटं कीबोर्डवर आपटली. पडद्यावरचं काहीतरी सटकन मागे गेलं, औषधाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर पुढे आलं.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"काय असणार? खोकल्याचं औषध. जेवणानंतर दोन चमचे."

महिनाभर हेच चाललं होतं. बायको घरी बसून भाषांतरं करायची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बारा मजल्यांच्या लिफ्टचा बिघाड त्याला नुसत्या आवाजावरून कळायचा; घरात काय बिघडलंय ते मात्र कळेना.

शेवटी त्याने ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंना विचारलं.

"सोपं आहे हो. ऑल्ट धरायचं, टॅब दाबायचं. मागे असेल ते पुढे येतं." मग त्या हसल्या. "कुणाची चोरी पकडायचीय?"

तो हसला नाही.

शनिवारी दुपारी कुरिअरवाल्याने खालून हाक मारली. ती चपला सरकवून जिना उतरली. तो तिच्या खुर्चीत बसला. एक कळ धरली, दुसरी दाबली.

खोकल्याचं औषध गेलं, गप्पांची खिडकी आली. वर नाव नव्हतं, नुसतं एका फुलाचं चित्र.

'काल तुझा निरोप नाही. डोळ्याला डोळा लागला नाही.'

'तो घरीच होता. तुम्ही वेळेवर जेवत जा बरं.'

'तुझ्या दोन ओळींवर माझा दिवस निघतो. पण जपून. त्याला कळलं तर तुझं खरं नाही.'

'नाही कळणार. पुढच्या महिन्यात तो आठवडाभर बाहेरगावी आहे. तेव्हा येतेच.'

त्याची कानशिलं तापली. नवऱ्याला अरे-तुरे आणि याला 'तुम्ही'! म्हणजे तिला काम देणारा तो पिकल्या केसांचा साहेबच.

भांडलो असतो तर ती रडली असती, आणि आपण विरघळलो असतो. त्यापेक्षा हे बरं. त्याने एकेक अक्षर शोधून टाइप केलं : 'मला तुमचा कंटाळा आलाय. पुन्हा लिहू नका.'

पलीकडे ते लगेच वाचलं गेलं. उत्तर आलं नाही. त्याने इकडची ओळ पुसली, खोकल्याचं औषध पुढे आणलं आणि उठला.

त्या संध्याकाळी तिने ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. त्याने मात्र महिन्याभराने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

रविवारी ती सारखा कुणाला तरी फोन लावत होती. लागत नव्हता.

"उद्या मला जरा बाहेर जाऊन यायचंय," ती म्हणाली.

"कुणाकडे?"

"सांगितलं तर चिडशील."

"मग सांगूच नकोस."

सोमवारी सकाळी त्याचा फोन वाजला. धाकटा भाऊ होता. वडील गेल्यावर घरावरून आई आणि भावाशी झालेल्या भांडणानंतर, सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"दादा, ठेवू नकोस. आई गेली. आज पहाटे."

त्याने भिंतीला हात टेकला. "अशी कशी गेली?"

"शनिवारी मोबाइलवर काहीतरी वाचलं, बंद करून उशीखाली ठेवला. मग पाण्याचा घोटही घेतला नाही. किती विचारलं, तर एवढंच म्हणाली, 'आता सूनबाईलाही माझा कंटाळा आला.'"