मालकाचं पत्र

"तुमच्या मालकाचं पत्र कुठाय?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"मालक मीच आहे," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही कामाला आहात, याचं पत्र?"

"कुणाकडे कामाला?"

"तुमच्याकडेच."

शेजारी उभ्या असलेल्या मुलीने डोळे मिटून घेतले. ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला बँकेच्या कागदांवर शिक्का नव्हता. दुसऱ्या खेपेला शिक्का होता, पण फक्त शेवटच्या पानावर. आज तेरा पानांवर तेरा शिक्के घेऊन दोघं सकाळी आठपासून रांगेत उभी, तर आता हे नवीन. परदेशातल्या कॉलेजने तिची फी माफ केली होती. राहण्या-खाण्याचा खर्च घरचे चार वर्षं उचलतील, एवढंच व्हिसासाठी इथे कागदावर सिद्ध करायचं होतं, आणि त्याची आज शेवटची तारीख होती. एक वाजता खिडकी बंद. बारा वाजून गेले होते.

"मॅडम, माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे," बाबांनी समजावून सांगितलं. "जळालेल्या मोटारी येतात. जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. मी एकटाच. माझ्यावर कुणी नाही, हाताखालीही कुणी नाही."

"ते कळतंय हो मला. पण यादीत रकाना आहे ना, तो मी कसा भरू?" बाई काही दुष्ट नव्हत्या. सकाळपासून हेच ते बोलून त्यांचाही जीव मेटाकुटीला आला असावा. "दुकानाचं नाव छापलेला कागद असेल तर त्यावर लिहून द्या. इथेच बसून लिहा."

बाबांच्या पिशवीत बिलबुक होतं. ते नेहमीच असतं. वाटेत कुणी बंद पडलेला पंप दाखवला तर? भिंतीजवळच्या बाकावर बसून मुलीने एक कोरं बिल फाडलं आणि 'नग' आणि 'दर' यांच्या रेघांवरूनच लिहायला घेतलं.

"सदर कर्मचारी आमच्याकडे सत्तावीस वर्षांपासून कामाला आहे," ती लिहिता लिहिता पुटपुटली. "वर्तणूक?"

"चांगली लिही. तोंडाचा जरा फटकळ आहे, पण ते नको लिहू."

"पगार?"

बाबांनी बँकेचे कागद पुढ्यात ओढले. सत्तावीस वर्षांत त्यांनी स्वतःला पगार असा कधी दिलाच नव्हता. उरेल ते घरी. शेवटी तेरा पानं चाळून त्यांनी सरासरीचा एक आकडा सांगितला. एवढ्यात आपलं घर चाललं कसं, हे मुलीला कळेना.

बाईंनी कागद वाचला आणि पेनाच्या टोकाने दोन जागा दाखवल्या. "इथे लिहा, पुढची चार वर्षं कामावर ठेवू म्हणून. आणि मालकाची आणि कर्मचाऱ्याची सही एकच नाही चालणार. मालक म्हणून दुसरं कुणीतरी पाहिजे."

"आता मालक काय भाड्यानं आणू?" बाबांचा आवाज चढला. मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाई बिलावर छापलेलं दुकानाचं नाव वाचत होत्या. "हे शेवटी 'आणि कन्या' लिहिलंय. कन्या कोण?"

"ही काय, उभी आहे. लोक 'आणि सन्स' लिहितात. ही झाली तेव्हा मी हौसेनं पाटी रंगवून घेतली."

"परवान्यावर नाव आहे यांचं?"

"अठरा पूर्ण झाली तेव्हाच चढवलं."

"मग झालं की! या भागीदार. यांनी करावी मालक म्हणून सही."

"पण शिकायला मीच चाललेय," मुलगी म्हणाली.

"यादीत त्याला मनाई नाही," बाई म्हणाल्या आणि सकाळपासून पहिल्यांदाच खूश झाल्यासारख्या दिसल्या. "चला, वीस मिनिटं आहेत."

मुलगी पुन्हा बाकावर बसली. सगळं नव्या बिलावर उतरवलं, आणि 'पुढील चार वर्षे' इथे तिचं पेन थांबलं. बाबांच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी दोघांसमोर बजावलं होतं, तार गुंडाळणं आता बंद, नाहीतर बोटं कामातून जातील. बाबांनी मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकान उघडलं होतं.

"बाबा, हे मी नाही लिहू शकत."

"लिही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरांचं पत्र मागितलंय का त्यांनी? नाही ना? मग तू कशाला वाढवतेस कागद?"

तिला राग आला. बाईंचा आला, बाबांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण हात लिहीतच होता. तिने ओळ पुरी केली आणि खाली मालक म्हणून सही ठोकली.

"आता कर्मचाऱ्याची मान्यता," खिडकीतून बाई म्हणाल्या. "इथे, खाली. बँकेतल्या सहीशी जुळली पाहिजे हं."

बाबांनी डाव्या हातात घेतलेलं पेन उजव्यात घेतलं. पट्टा जरा वर सरकवला आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली.

"कशावर सही करताय ते वाचा तरी," मुलगी म्हणाली.

"वाचायचं काय त्यात?" बाबांनी कागद खिडकीतून आत सरकवला. "चार वर्षांची पक्की नोकरी मिळतेय, मालकीणबाई. या वयात कोण देतं?"