सोबतीचे मंत्र

"काका, आगीच्या गोळ्याचा मंत्र घ्या म्हणून गेल्या रविवारी कानीकपाळी ओरडले होते मी. कुठे आहे तो?"

खेळ चालवणारी पोरगी काकांच्या खेळातल्या पात्राचं, बार्डचं, पान हातात धरून उभीच होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. एरवी ती दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे सरळ करायची आणि रविवारी दुपारी काकांच्या जेवणाच्या टेबलावर गुहा, राक्षस आणि फासे मांडायची.

काका कवळ्या बनवायचे. दिवसभर मागच्या खोलीत परक्यांचे दात, आणि बोलायला त्यातलं एकही तोंड नाही. रविवारची वाट ते सोमवारपासूनच बघायचे. खेळात ते बार्ड होते, म्हणजे गाऊन-वाजवून जादू करणारा गवई. खरा गळा असा, की न्हाणीघरातसुद्धा गायची चोरी.

आता बार्ड एक पायरी वर चढला होता. दोन नवे मंत्र आणि एक कसब निवडायचं होतं. काकांनी आठवडाभर नियमांच्या पुस्तकाचा नुसता कीस पाडला होता.

"एक मंत्र जखम भरायचा," ते उत्साहाने सांगू लागले. "तलवारवाला सगळ्यांच्या पुढे धावतो आणि मार खाऊन येतो. दुसरा धीर द्यायचा, चेटकिणीसाठी. कोळी दिसला की पाचावर धारण बसते तिची."

तलवारवाला, चेटकीण, चोर. खेळायला येणाऱ्या बाकीच्या तिघांची खरी नावं काकांना ठाऊक होती, पण जिभेवर हीच बसली होती.

"आणि कसब म्हणून स्वयंपाक? काका, एवढी दणदणीत कसबं सोडून?"

"विसाव्याला गरम चार घास मिळाले की अंगात ताकद येते, पुस्तकातच आहे तसं. चोर तर बिचारा कायम भुकेला."

तिने पान खाली ठेवलं. "यातलं एकही तुमच्या स्वतःसाठी नाही. गुहेत एकटे सापडलात तर?"

"एकटा कशाला सापडेन? तुम्ही सगळे आहात की."

टेबलाभोवती खुर्च्या मांडून झाल्या होत्या, त्यातली एक शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. पोरगी नेमकी तीच ओढून बसली.

"ते येणार नाहीत, काका. आज नाही, आणि पुढेही नाही. तलवारवाल्याची बदली झालीय. चोराला रविवारची पाळी लागलीय. चेटकीण म्हणते, मन लागत नाही आता. परवा भेटलो होतो सगळे, तेव्हाच ठरलं. तुम्हाला सांगायला कुणाची जीभ रेटेना, म्हणून मी लवकर आले."

काकांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लाज वाटली. आपण इथे ज्यांच्या जखमा बांधायची तयारी करत बसलो, ते परवा एकत्र बसून निरोप घेऊनही मोकळे झाले, आणि आपल्याला बोलवावंसं कुणाला वाटलं नाही.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले, आणि उगाचच टेबलावरचे फासे गोळा करू लागले. "चहा टाकतो. घेऊन जा."

"जा काय? डाव अर्धवट टाकून जायची सवय नाही मला." तिने पिशवीतून खेळाचा नकाशा काढून पसरला. "पण मी फक्त चालवणार. खेळायला तुम्ही एकटेच. आगीचा गोळा घ्यायचा असेल तर अजून वेळ गेलेली नाही. मी बघितलं नाही म्हणेन."

काकांनी खोडरबर उचललं. जखमेच्या मंत्रावर टेकवलं. घासलं मात्र नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "आहेत ते बरे आहेत."

तिने मान हलवली आणि खेळ सुरू करताना नेहमी खाली आणायची तसा आवाज खाली आणला. "गुहेत मिट्ट काळोख. सोबत कोणी नाही. पुढे काहीतरी सरपटतंय. बार्ड काय करतो?"

काकांनी फासे मुठीत धरले, पण टाकले नाहीत.

"हाक मारतो."

"कुणाला?"

"जो ओ देईल त्याला."